जुळ्या टॉवरखालची झोळी

मनकर्णा ताडकळसची. दिवाळी सरली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं, हे लग्न झाल्यापासून ठरलेलंच. पण नव्वद साली मुकादम भुजंग दारात येऊन म्हणाला, "औंदा कारखान्याला न्हाई, मुंबईकडं चला. खाडीच्या पल्याड नवं शहर वसायलंय. तिथं हापिसांच्या दोन इमारती उठायल्यात, एकसारख्या. लय उंच."

तिचा नवरा सुग्रीव लगेच तयार झाला. पोरगी नुकती रांगायला लागली होती. सासूजवळ ठेवावी तर अंगावर पिणारी. मग तिलाही काखेत घेऊन दोघं पूर्णेहून गाडीत बसले, मनमाडला गाडी बदलली आणि खाडीकाठी जाऊन पोचले.

दोन्ही टॉवर तेव्हा निम्म्यावर आले होते. मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून वर पाहिलं की आभाळाची नुसती चिंधी दिसायची. पहिल्या दिवशी डोक्यावर सिमेंटची पाटी घेऊन वर जाताना मनकर्णा खाली बघून जिन्यातच थांबली. मागून सेलूकडची छबूबाई येत होती. वयानं मोठी, नातवाला बरोबर घेऊन आलेली. ती म्हणाली, "खाली बघू नको. म्होरल्या बाईच्या पाठीकडं बघत चल."

मनकर्णा तशी चालली. हळूहळू उंचीची भीती मोडली. खालची काळजी मात्र मोडली नाही. बायका आपापली लेकरं त्या मोकळ्या जागेतच ठेवत. कुणी लोखंडी सळयांना झोळी बांधे, कुणी वाळूच्या ढिगावर बसवी. मनकर्णा वरून सारखी वाकून आपली झोळी हालते का बघायची.

एका दुपारी खाडीवरून जोराचं वारं सुटलं. दोन नंबरच्या टॉवरवरून सेंट्रिंगची एक फळी सुटली आणि खाली गेली. आरडाओरडा ऐकून मनकर्णानं वाकून पाहिलं, तर झोळीच्या जागी नुसता धुरळा. पाटी तिथंच टाकून ती जिन्यानं धावत सुटली.

फळी झोळीच्या अगदी शेजारी पडली होती. मोडून तिचे दोन तुकडे झाले होते. पोरगी आत जागी होती आणि पायाचा अंगठा चोखत होती. मनकर्णानं तिला उचलून छातीशी धरलं. सुग्रीव धावत आला आणि फळीचे तुकडे बाजूला ओढू लागला.

संध्याकाळी चुलीपुढं ती छबूबाईला म्हणाली, "मावशी, उद्या मी वर जाणार न्हाई."

"मग भुजंग गावाकडं धाडंल तुला."

"धाडू दे. लेकरांना डोक्यावर छत असलेली खोली मिळाल्याबिगर मी पाटी उचलणार न्हाई."

छबूबाई चूल फुंकता फुंकता म्हणाली, "एकली बसलीस तर हाकलतील. समद्याच बसू." आणि पदर खोचून ती मजुरांच्या एकेका झोपडीत जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी मोठा स्लॅब टाकायचा होता. मिक्सर सुरू झाला, पण बायका लेकरं मांडीवर घेऊन मोकळ्या जागेत बसून राहिल्या. भुजंग आधी ओरडला, मग त्यानं हातही जोडले. सुग्रीव बाजूला उभा होता. भुजंग त्याला म्हणाला, "बायकोला सांग की समजावून."

सुग्रीवनं मान खाली घातली. क्षणभर मनकर्णाला वाटलं, आता हा आपल्यालाच उठवणार. पण तो येऊन तिच्याशेजारी बसला. "कालची फळी मी बी बघितली, भुजंगराव," तो म्हणाला. ते बघून आणखी काही गडी बसले.

शेवटी इंजिनिअर साहेब खाली आले. "काम थांबवून काय मिळणार तुम्हाला?"

मनकर्णा उठून उभी राहिली. "साहेब, एक नंबरच्या टॉवरला तळाच्या खोल्या तयार हायेत. त्यातली एक लेकरांना द्या. आन त्यांना सांभाळायला एक बाई. मग स्लॅब संपेस्तोवर आमी खाली बसणार न्हाई."

साहेबांनी वर पाहिलं, मग बायकांच्या मांडीवरच्या लेकरांकडं. "हे आधीच करायला पाहिजे होतं," ते हळूच म्हणाले आणि किल्ली मागवली.

खोलीत सतरंजी आली, पाण्याचा माठ आला. सांभाळायला छबूबाई बसली. तिची हजेरी पाटीवाल्या बायकांसारखीच लागू लागली. मनकर्णाची पोरगी त्याच खोलीत भिंत धरून उभी राहिली आणि तिथंच पहिल्यांदा चालली.

टॉवरना काचा लागल्या तशी माणसं आपापल्या गावी परतली. पुढच्या दिवाळीत भुजंग ताडकळसच्या बाजारात भेटला. या खेपेला पुन्हा ऊसच होता.

"येतो," मनकर्णा म्हणाली, "पण उसाच्या फडावर लेकरांची सोय काय?"

"फडात कुठली खोली, बाई?"

"खोली न्हाई, तर पाचटाची झोपडी, चांगली कोप घाला. आन सांभाळायला एक बाई."

बाजाराला आलेल्या आणखी दोघी-तिघी तिच्या बाजूला येऊन थांबल्या. भुजंगानं टोपी काढून डोकं खाजवलं. "कोप घालू. पण एवढी पोरं घेऊन दिवसभर बसणार कोण?"

शेजारी मिरच्या विकत बसलेली मनकर्णाची सासू, दगडाबाई, तागडी खाली ठेवत म्हणाली, "मी येते की. घरी बसून तरी काय करायलेय?"

भुजंग हसला आणि कोप कुठं घालायची ते त्या बायकांनाच विचारू लागला.