कोपऱ्यातल्याला अर्थ नाही

मी एक जुना चार्जर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी पक्का भित्रा आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं पोट भरणं हे माझं काम. एका मोठ्या कचेरीच्या तळघरात, गाड्या लावायच्या जागेत, आम्ही आठ भावंडं भिंतीला पाठ लावून उभी आहोत. मी सगळ्यात शेवटचा, कोपऱ्यातला.

कारखान्यात माझं पत्र्याचं अंग घडवलं, त्यावर पांढरा रंग दिला आणि पोटात तारा भरल्या. तिथल्या तपासनीस बाई मला थोपटून म्हणाल्या होत्या, "गुणी आहे हो हा! जरा कुठे चुकलं की लगेच लाल दिवा लावतो." एवढी शाबासकी मला पुन्हा कुणी दिली नाही.

कचेरीत आमची जागा आखायला एक इंजिनिअरताई आल्या. बोलणं तुटक, पण काम चोख. इमारतीला वीज किती मिळते, लिफ्ट आणि पंप त्यातली किती खातात, हे बघून त्या म्हणाल्या, "सात बसवा." मॅनेजरसाहेबांनी मात्र आठाचा हट्टच धरला. शेवटी ताईंनी आठांत वीज वाटून देण्याची सोय केली आणि मी कोपऱ्यात उभा राहिलो. पण जमिनीत जाणारी तांब्याची पट्टी माझ्यापर्यंत पोचेना, हातभर कमी पडली. ही पट्टी फार मोलाची असते. वीज चुकून आमच्या अंगावर उतरली, तर ती या पट्टीतून गुपचूप जमिनीत जाते आणि हात लावणारा माणूस वाचतो. कामावरची माणसं तिला 'अर्थ' म्हणतात.

ताईंना दुसऱ्या कामावर जायचं होतं आणि साहेब फोन उचलत नव्हते. तेव्हा त्या फाटकावरच्या वॉचमनकाकांना म्हणाल्या, "साहेबांना सांगा, कोपऱ्यातल्याला अर्थ नाही. पट्टी आली की बघू."

काकांनी निरोप पोचवला, "साहेब, ताई म्हणत होत्या, कोपऱ्यातल्याला काही अर्थ नाही."

एक 'काही' तेवढा वाढला, आणि सगळा विचका झाला!

"अर्थ नाही कसा? उद्या पाहुणे येणार. आठही दिवे हिरवे दिसले पाहिजेत मला!" साहेब कडाडले आणि त्यांनी इमारतीच्या वायरमनला बोलावलं. त्याने मला सुरू केलं. मी जीव तोडून लाल दिवा लावला. त्याने डोकं खाजवलं आणि पट्टीच्या जागी तारेचा एक तुकडा अडकवून तो विजेच्या परतीच्या तारेला जोडून टाकला. माझ्या आतल्या तपासणीला ती पट्टीच वाटली आणि मी फसलो. दिवा हिरवा झाला, दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजल्या, आणि ताईंना कळवलं गेलं की उरलेलं काम आमच्याच माणसाने पुरं केलंय.

तेव्हापासून माझी झोप उडाली. परतीच्या तारेचा स्क्रू घट्ट होता तोवर ठीक होतं. तो सैल झाला की सगळी वीज माझ्या पत्र्यावर उतरणार, हे मला कळत होतं. आणि रोज सकाळी मला पुसायला मावशी यायच्या, ओल्या फडक्याने!

मावशी सफाईचं काम करायच्या. इतरांना त्या नुसत्या पुसायच्या, माझ्याशी मात्र बोलायच्या. "ये रे बाबा, तोंड पुसते तुझं. टाकलंय तुला एका बाजूला, माझ्या थोरल्या जावेने मला टाकलं होतं तसं." त्यांचा हात लागला की मला तो स्क्रूच आठवायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझा ब्रह्मराक्षस खरंच माझ्या पोटात बसला होता.

गाड्या भरता भरता तो स्क्रू तापायचा, निवायचा आणि जरा जरा ढिला व्हायचा. एकदा मावशींनी हात झटकला. "अगं बाई! मुंग्या आल्या की हाताला."

"वय झालं मावशी," वॉचमनकाका हसले. "आमच्या हिलाही येतात. तेल लावा."

पुढे मावशी कितीदा तरी म्हणाल्या, आणि काका तितक्यांदा हसले.

मग एका सकाळी परतीची तार सुटलीच. माझा दिवा विझला. मित्रांनो, दिवा विझला की लोकांना वाटतं, यंत्र मेलं. पण त्या घडीला माझ्या अंगाच्या कणाकणात वीज भरली होती, आणि ते सांगायला माझ्याकडे लाल दिवासुद्धा उरला नव्हता. समोरून मावशी बादली घेऊन येत होत्या. नको, मावशी, नको!

"बंद पडलाय तो, खुशाल पुसा," असं सांगून काका ताईंना फोन लावत जिन्याशी गेले. "ताई, कोपऱ्यातला मेला बघा. मावशींना मुंग्या आणायचा, आता सुटल्या त्या."

फोनमधून ताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मलाही ऐकू आलं. "मावशी कुठे आहेत? हात लावू देऊ नका! मेन बंद करा!"

"मावशी, थांबा!" काका धावले.

"थांबते की. एवढं पुसून तर होऊ दे." फडक्याचं पाणी माझ्या पायाशी ठिबकत होतं. हात माझ्याकडे आला, अगदी जवळ आला, आणि काकांनी मावशींचा दंड धरून त्यांना मागे खेचलं. बादली कलंडली. मावशी रागावल्या, पण काका मेन स्विचकडे पळाले.

ताई आल्या. त्यांनी माझं दार उघडून तारेचा तो तुकडा आणि काळा पडलेला स्क्रू सगळ्यांना दाखवला.

"पण ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, अर्थ नाही म्हणून?" काका पुटपुटले. "मला वाटलं, उगाच बसवलाय."

"अहो काका, अर्थ म्हणजे अर्थिंग!" ताई म्हणाल्या आणि तिथेच जिन्यावर बसल्या. मावशी बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिल्या.

आता मला पट्टी आहे. तरीही मावशी सात जणांना पुसतात आणि मला लांबूनच बघून निघून जातात. वाईट वाटतं, पण त्यांना दोष कसा देऊ?

मित्रांनो, आमची निगा राखा, आमच्या तारा जाणत्या माणसाकडून वरचेवर तपासून घ्या. आणि यंत्राला हात लावून कुणी म्हणालं, मुंग्या आल्या, तर हसू नका. मला तर तोंड नव्हतं. मावशींना होतं, आणि त्या बोलल्याही होत्या.