जांभयांची रांग

हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमधली रांग पार जिन्यापर्यंत आली होती आणि रांगेतला प्रत्येक जण जांभया देत होता. पंखे गरागरा फिरत होते, तरी सगळे घामाघूम. त्यातच निम्म्यांच्या अंगावर काटा आलेला, म्हणून शाली लपेटलेल्या. कुणाचं नाक गळत होतं, कुणाचे डोळे. नवख्या माणसाला वाटलं असतं, हे लोक आजारी आहेत. छे! हे सगळे बरे झालेले लोक होते.

समोर मंचावर पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर दुःखहर्ते विराजमान होते. मान, कंबर, गुडघा, दाढ, जे काही दुखेल ते त्यांच्या जंगली मुळ्यांच्या चमचाभर 'शांतिरसा'नं थांबत असे.

"जांभई येते? उत्तम! दुखणं तोंडावाटे बाहेर पडतंय," दुःखहर्ते सांगत होते. "नाक गळतंय? ते नाकावाटे निघालंय. पोट बिघडलंय?" त्यांनी डोळे मिटले. "त्याचा मार्ग मी सांगायला नको. आणि रस चुकवला की दुखणं चवताळून परत येतं, हे अनुभवलंत ना?"

"अनुभवलं!" रांग एका सुरात म्हणाली आणि पुन्हा जांभई दिली.

मागच्या भिंतीला टेकून डॉक्टरीणबाई हे ऐकत होत्या. त्यांचा थोरला भाऊ, बेकरीवाला, पहिल्या ओळीत बसला होता. मैद्याची पोती उचलून त्याची कंबर कामातून गेली होती. बहिणीनं त्याला व्यायाम सांगितला, पोती उचलायची बंदी केली, साधी औषधं दिली. दुखणं कमी झालं, पण रडतखडत. मग त्यानं शांतिरस घेतला आणि त्याच दिवशी पोतं खांद्यावर टाकून बेकरीभर नाचला. गावभर बोभाटा झाला. त्यानंतर तो पावात मीठ घालायला विसरू लागला, भट्टीसमोर पेंगू लागला आणि एकदा हात भाजला तरी त्याला कळलं नाही, याचा मात्र बोभाटा कुणी केला नाही.

सकाळीच वहिनीचा फोन आला होता. "अहो, हे घोरता घोरता मध्येच थांबतात. मी हलवलं की परत सुरू होतात. भीती वाटते हो."

"आणखी काही घेतो का तो?"

"झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी घेतात. आज तर ती खाऊनच तिकडे निघालेत."

डॉक्टरीणबाई दवाखाना तसाच टाकून वहिनीला घेऊन आल्या होत्या. त्या वाकून भावाच्या कानाशी म्हणाल्या, "दादा, घरी चल. हे औषध चांगलं नाही."

"चिमे, तू एवढी शिकलीस, पण माझं दुखणं थांबवलंस का? यांनी थांबवलं."

त्यांना ते फार लागलं. तेवढ्यात दादाला वर बोलावलं गेलं. निष्ठावंत भक्त म्हणून आज त्याला 'पूर्ण शांती' मिळणार होती, म्हणजे भरभरून चमचे. बहीण "नको, नको" म्हणत पुढे धावली, पण सेवेकऱ्यांनी तिला अडवून धरलं.

थोड्याच वेळात सोफ्यावर बसवलेल्या दादाची हनुवटी छातीवर टेकली.

"समाधी!" दुःखहर्ते गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. "पाहा, ओठांवर कशी निळाई उतरतेय!"

डॉक्टरीणबाई सेवेकऱ्यांना ढकलून वर चढल्या.

"बाई, समाधीला हात लावू नका!"

"समाधी कसली? श्वास थांबतोय त्याचा! वहिनी, अँब्युलन्स बोलाव!"

त्यांनी दादाची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. बॅगेत उताऱ्याचं इंजेक्शन होतं. कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन देताना त्या ते नेहमी जवळ ठेवत. ते त्यांनी मांडीत टोचलं आणि तोंडाला मास्क लावून श्वास देणारा फुगा दाबायला सुरुवात केली. वहिनी नवऱ्याचा हात धरून नुसतं "उठा ना, उठा ना" म्हणत होती.

दादानं मोठ्यानं श्वास ओढला, उठून बसला आणि त्या पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर भडाभडा ओकला. मग त्यानं जांभई दिली, अंगावर काटा आला, नाक वाहू लागलं.

"आई गं! माझी कंबर!"

"पाहिलंत?" दुःखहर्त्यांना जोर चढला. "हिनं समाधी मोडली! दुखणं परत आणलं!"

लोक कुजबुजू लागले. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

"ते कुठं गेलंच नव्हतं. नुसतं कळेनासं झालं होतं. हे इंजेक्शन अफूच्या कुळातल्या औषधांवर चालतं, मुळ्यांवर नाही आणि पुण्याईवर तर नाहीच. मग हा उठला कसा? आणि तुमच्या जांभया म्हणजे दुखणं बाहेर पडणं नव्हे. शरीराला सवय लागलीय, ते पुढचा चमचा मागतंय."

ओकारीपासून लांब सरकताना दुःखहर्त्यांच्या पाठीमागून काहीतरी घरंगळत खाली आलं. वहिनीनं उचललं. ती गरम पाण्याची पिशवी होती.

"हे काय हो?"

"माझी कंबर जरा..."

"मग घ्या की रस!" वहिनीनं चमचा भरून पुढे धरला.

"आज माझा उपास आहे."

"मग तुमच्या सेवेकऱ्याला देते."

सेवेकरी दोन पावलं मागे गेला. "मी नाही घेणार! गोळ्या कुटून मीच घालतो त्यात!"

दुःखहर्ते मागच्या दाराकडे निघाले, तर तिथं रांगेतला मानदुखीवाला सुतार हाताची घडी घालून उभा होता.

"आजपासून माझा रस बंद!" रांगेतली एक आजी ओरडली.

"आजी, एकदम बंद करू नका, हाल होतील. दवाखान्यात या, मात्रा हळूहळू उतरवू. तुम्हाला कुणी नशेबाज म्हणणार नाही."

"म्हणजे हे विषच म्हणायचं," सुतार म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "आमच्या वडिलांना कॅन्सर होता. चादरीचा स्पर्शही सहन व्हायचा नाही. याच कुळातल्या औषधानं ते उठून बसले आणि शेवटपर्यंत दादाशी बुद्धिबळाच्या पटावर भांडले. पण तेव्हा बाटलीवर औषधाचं नाव होतं, मात्रा मोजलेली होती आणि श्वासावर माझी नजर होती. इथं यातलं काय होतं?"

अँब्युलन्स आली. दादा म्हणाला, "आता बरा आहे मी, घरी जातो."

"गप झोप. उताऱ्याचा असर आधी संपेल, रसातल्या गोळ्यांचा नंतर. परत श्वास अडकेल."

स्ट्रेचर रांगेजवळून जाताना दादानं हात वर केला. उचलणारे थांबले.

"अरे, पाव घ्यायला येता तेव्हा ताजा आहे का, मैद्याचा आहे का, सगळं विचारता मला," तो म्हणाला. "मी मात्र बाटलीत काय आहे हे एकदाही विचारलं नाही. तुम्ही तरी विचारत जा रे."

स्ट्रेचर जिना उतरू लागलं आणि वहिनी दादाच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत बघत एकेक पायरी उतरत गेली.