आजी कुणाकडची

क्लबातल्या सोडतीत पहिलं बक्षीस मटणाच्या चापांचं ताट होतं आणि दुसरं डीएनए तपासणीचा डबा. पारेकुरा आजीला दुसरं लागलं.

"चाप खाता तरी येतात. ह्याचं काय करू?"

"ह्यात थुंकायचं आणि परदेशी पाठवायचं," मी म्हटलं. "मग ते कळवतात तू कोण आहेस."

"मी कोण ते मला ठाऊक आहे. आणि थुंकी बाहेर देत नसतात."

आम्हा माओरींत जुनी माणसं कापलेली नखं, केस, थुंकी परक्याच्या हाती लागू देत नाहीत. कोण त्याचं काय करेल, सांगता येत नाही. आजी तर केस कापून आली की ते पिशवीत घालून आणते आणि मागच्या अंगणात पुरते. तिने डबा कचऱ्यात टाकला. मी तो काढला.

कारण असं की मी मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये कामाला आहे आणि माझा रंग दुधाच्या चहासारखा आहे. शेडमधली पोरं विचारतात, "होहेपा, तू माओरी कुठपर्यंत? गुडघ्यापर्यंत का कमरेपर्यंत?" मला त्यांच्या तोंडावर एक कागद फेकायचा होता. स्वतःची थुंकी पाठवायचा धीर होईना. आजीचं मात्र शंभर नंबरी सोनं. आमच्या मराएवर, म्हणजे आमच्या सगळ्या गोतावळ्याच्या सभाघरावर, पाहुण्यांना पहिली हाक घालायचा मान तिचा. ती ओसरीवर उभी राहून गळा काढत नाही तोवर मंत्रीसुद्धा फाटकाबाहेर ताटकळतो.

मी तिला सांगितलं, दवाखान्यातून नळी आलीय, तुझं तोंड कोरडं पडतं का ते बघायचंय.

"पडतं म्हणावं," ती म्हणाली, आणि डॉक्टरला मदत व्हावी म्हणून जरा जास्तच थुंकली.

निकाल आला. आजीच्या थुंकीत डेन्मार्क होतं, त्याला नॉर्वेची फोडणी होती. माओरीचा थेंब नव्हता.

मी आधी कंपनीला दोष दिला. मग मला आजीचे केस आठवले. तरुणपणी ते लालसर होते, आणि अंगावर तीळच तीळ. पण त्यात कुणाला काही वाटलंच नाही, कारण लाल केसांच्या माओरीला आमच्याकडे नाव आहे, उरुकेहू. डोंगरावरच्या धुक्यात राहणाऱ्या गोऱ्या लोकांचं रक्त एखाद्या घराण्यात उतरतं, असं मानतात. दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेतला असता. आमच्या गावाने धुक्यावर घेतला. पणजीने कुण्या गोऱ्या मुलीचं मूल पदरात घेतलं असणार. तसं मूल वाढवायला देणं-घेणं आमच्यात उघड चालतं, त्याला फांगाई म्हणतात, त्यात लपवायचं काही नसतं. ह्या वेळी मात्र पणजी काही बोलली नाही आणि कुणी विचारलं नाही.

निकाल मी पुसून टाकणार होतो. तेवढ्यात इंगर नावाच्या बाईचा निरोप आला. आपल्याच देशात, डॅनव्हर्क गावाच्या बाजूला आमचं डेनिश कुटुंब आहे, आपलं रक्त जुळतंय, तुम्ही माझ्या हरवलेल्या मावशीची मुलगी तर नाही? निरोप आजीच्या नावाने होता, पण पत्ता मी माझा दिला होता. म्हणून मी आजी होऊन उत्तर दिलं. आजी म्हणून मी बरा लिहितो. गुडघेदुखीपर्यंत सगळं लिहिलं, आणि शेवटी रीतीप्रमाणे लिहिलं, "या की एकदा."

आमच्याकडे "या की एकदा" म्हणजे "बरं, ठेवतो". डेनिश लोकांनी तारीख विचारली.

नाही म्हणायला कारण सुचेना. मराएच्या मंडळाला मी सांगितलं की चीज कारखान्यातल्या पेन्शनरांची सहल येतेय. सगळे कामाला लागले. ज्या दिवशी बस यायची त्या सकाळी आजी काळा पोशाख घालून, मध चाटून, गळा तयार करत बसली होती. तिचा त्या ओसरीवरचा हक्कच मी पाकिटातून बाहेरगावी पाठवला होता, आणि तिला पत्ता नव्हता.

"आजी, एक सांगायचं होतं."

"चीजवाल्यांना दूध पचतं ना सगळ्यांना? तुझ्या राइहा मावशीने खिरीत घातलंय."

"पचतं."

"मग बाकीचं नंतर सांग."

मी बाकीचं नंतरवर टाकलं. एवढा आज्ञाधारक मी आयुष्यात कधी नव्हतो.

बस आली. पाहुणे फाटकाशी गोळा झाले. आजी ओसरीच्या कडेला आली, शेजारी तिची भाची राइहा मावशी. आजीने हाक घातली. ती हाक ऐकली की माझ्या पाठीवर काटा येतो. पाहुणे चालू लागले, आणि सगळ्यांत पुढे फिकट जाकिटात आजीच चालत होती. तेच नाक. तोच तिळांचा सडा. एक खांदा पुढे काढून चालायची तीच ढब. ही इंगर.

आजीची हाक मध्येच तुटली.

रताळी सोलणाऱ्या बायका स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. आजीने मात्र माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर, नळी, कोरडं तोंड, सगळं तिने तिथल्या तिथे जुळवलं. शाळेतल्या मास्तरांनी मला मारलं होतं तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

पाहुण्यांकडून उलट हाक यायला हवी होती. डेन्मार्कात तशी पद्धत नसावी. पाहुण्यांकडे हाक देणारी नसली की घरातली एखादी धाकटी बाई त्यांना उसनी देतात. ती ठरवायचं काम माझं होतं आणि भीतीपोटी मी ते विसरलो होतो.

राइहा मावशी पुटपुटली, "मी जाते त्यांच्याकडून."

आजीने तिचा दंड धरला. "तू इथे थांब. पुढची हाक तू घाल. मी जाते. माझी माणसं दिसतायत ती."

"आत्या, ओसरी सोडून? तू?"

"मग काय त्यांना बिनहाकेचं आत घेऊ? मुकी आहेत बिचारी."

ती पायऱ्या उतरली, भर अंगण ओलांडून गेली आणि इंगरच्या शेजारी, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. मग तिने आपल्याच घराला पाहुणीची हाक दिली. घरातल्या मेलेल्यांना नमस्कार केला, आणि पाहुण्यांसोबत त्यांचे मेलेलेही येतात असं मानतात, म्हणून त्यांचीही आठवण काढली. ज्यांची नावं तिला माहीत नव्हती त्यांच्यासाठी तिचा आवाज फाटला. ओसरीवरून राइहा मावशीने रडत रडत उत्तर दिलं. डेनिश पेन्शनरही रडत होते. कुणासाठी ते त्यांना कळलं असेलसं वाटत नाही.

भाषणं झाली. मग आम्ही घरच्यांनी रांग केली आणि पाहुणे एकेकाच्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावत पुढे सरकू लागले. त्या पाहुण्यांत आजी होती. माझ्यापाशी आली. तिने कपाळ टेकलं, नाक टेकलं, माझा श्वास घेतला, तिचा दिला, काही टाळलं नाही. मग हळूच म्हणाली, "थुंकी मागायची होतीस. तोंडावर दिली असती."

"आजी, मी..."

"मागे रांग थांबलीय, पुढे बघ."

पाहुणे पहिल्या पंगतीला बसले. आजी त्यांच्यात बसली. आयुष्यभर तिने ह्या घरात पाहुणे उठल्यावरच जेवण केलं होतं. मी वाढत होतो. रताळं वाढलं तेव्हा तिने मला "आभारी आहे" म्हटलं. आमच्या घरात कुणी कुणाला आभारी नसतं.

जेवून ती उठली, ताट घेऊन स्वयंपाकघरात आली आणि बाह्या वर सारल्या.

"आत्या, तू बस ना," राइहा मावशी चाचरत म्हणाली. "आज तू... म्हणजे, आज तू कुणाकडची?"

"जेवले ना मी? अन्न पोटात गेलं की पाहुणा घरचा होतो. नियम बदलला काय?"

बायका हसल्या, सुटल्यासारख्या. कुणीतरी तिला फडकं दिलं. ती परत घरची झाली होती, रीतसर, सगळ्यांसमोर. मी तिच्याशेजारी उभा राहून ताटं विसळत होतो. जी बाई ह्या घरात रांगत वाढली, तिला म्हातारपणी फाटकातून चालत, हाक देऊन, जेवून आत यावं लागलं, आणि ते माझ्यामुळे. मी ताटं तिच्या हातात देत राहिलो. ती पुसत राहिली, आणि प्रत्येक ताटाला म्हणत राहिली, "आभारी आहे."