आवाज वाढव

मुलीला आईच्या तरुणपणाच्या काळाचं वेड होतं. तिच्या सलूनमध्ये जुन्या सिनेमासिकांची पानं फ्रेम करून लावलेली. कॅसेटी कुठून कुठून जमवायची, गिऱ्हाइकांचे केस हौसेने फुगवून द्यायची. आरशाला एक फोटो होता: फुग्याच्या बाह्यांच्या चमचमत्या ड्रेसमधली आई आणि शेजारी लेदरच्या जॅकेटातले, कपाळावर झुलूप सोडलेले बाबा.

"अगदी हिरो-हिरॉईन दिसता," ती म्हणायची.

आई टेलरिंग करायची. कापडावरून नजर न उचलता "हं" म्हणायची. मुलगी चार वर्षांची असताना ती तिला घेऊन बाहेर पडली होती. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "पटलं नाही."

आईच्या पन्नाशीला मुलीने हॉल घेतला. सगळ्यांनी त्या काळचे कपडे घालून यायचं. मुलीला तसे कपडे शिवून देताना, बायकांच्या ड्रेसच्या खांद्यांत पॅड भरताना आईलाही मजा आली. दुपारी गाणी लागली, कानांतल्या मोठमोठ्या रिंगा हलायला लागल्या, आणि दारातून बाबा आले. तेच जॅकेट, फक्त पोटावर बंद होत नव्हतं.

"सरप्राइज!" मुलगी ओरडली. "मीच बोलावलं!"

"चहाचं बघते," म्हणून आई आतल्या स्वयंपाकघरात गेली. नवरा मागोमाग निघाला. दारात थांबून हसत म्हणाला, "पोरी, आवाज वाढव गं. तुझ्या आईला हे गाणं मोठ्याने लागतं."

हात उगारण्याआधी तो नेहमी टेपचा आवाज वाढवायचा. शेजाऱ्यांना फक्त गाणं ऐकू जायचं.

"पोरीला काय काय सांगितलंयस?"

"काही नाही. खरंच काही नाही हो."

त्याने तिचे केस मुठीत धरले आणि कपाळ सिंकच्या कडेवर आपटलं. "बायकांत मिरवतेस काय!" पुन्हा आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं.

मुलगी मेणबत्त्यांसाठी काडेपेटी न्यायला आली. क्षणभर तिला कळेचना. मग तिने धावत जाऊन त्याची कॉलर मागून खेचली. त्याने वळूनसुद्धा न बघता कोपर मारलं. तिचं नाक कडकन मोडलं आणि ती भिंतीशी घसरली.

नऊ वर्षांच्या संसारात आईने कधी हात उचलला नव्हता. तिने शेगडीवरची उकळती किटली उचलली आणि त्याच्या मानेवर उपडी केली. तो गुरासारखा ओरडला. तिने रिकामी किटली तोंडावर हाणली, दात तुटला. तो गुडघ्यांवर आला, तरी ती हाणतच राहिली. "माझ्या पोरीला हात लावतोस? तू? लाव ना! लाव आता!"

"आई, पुरे! मरेल तो!"

"मरू दे!"

केक कापायचा म्हणून बाहेर कुणीतरी गाणं बंद केलं, तेव्हा त्याचं किंचाळणं साऱ्या हॉलने ऐकलं.

तो मेला नाही. कान आणि मान सोलवटली. आईला सहा टाके पडले. दवाखान्यात जुन्या घराची शेजारीण भेटायला आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "आम्हाला वाटायचं, तुम्ही दोघं नाचताय."

"तुम्हाला तसंच वाटावं, हेच हवं होतं त्याला," आई म्हणाली.

शेजारीण गेल्यावर मुलीने विचारलं, "मग मला ते कपडे का शिवून दिलेस? बघवत तरी कसे होते तुला?"

"अगं, मला आवडायचे ते. त्याची ओळख व्हायच्या आधीपासून. त्याच्यापायी तेही सोडून देऊ का?"

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलीसबाई आल्या. मुलीच्या नाकावरचं प्लास्टर बघून म्हणाल्या, "तू बाहेर बसलीस तरी चालेल."

"नाही," मुलगी म्हणाली. "मला ऐकायचंय."

आईने तिच्याकडे बघितलं, घोटभर पाणी घेतलं आणि लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यापासून सांगायला सुरुवात केली.