हळदीचं पाणी

मी कोळवण खोऱ्यातल्या होडीच्या तळ्याचा बांध बोलतोय. बोलणं माझं, अक्षर बहिरूचं. चौथीनंतर त्याची शाळा सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्द साधे असतील, तर सांभाळून घ्या. मला हात नाहीत आणि त्याला चारचौघांत तोंड उघडवत नाही. म्हणून आमचं जमलं.

मी मोठं धरण नव्हे. माझ्या पाण्यावर ना वीज झाली, ना शेत भिजलं. पुण्याच्या एका वकीलसाहेबांना सुट्टीत होडी वल्हवायची हौस होती, त्या हौसेपायी ओढा अडवून मला घातलं. खालच्या वाडीतल्या बायांनी पाटी-पाटी माती वाहिली, गड्यांनी ती धुमसाने चोपली. त्या बायांत नवी लग्न होऊन आलेली सारजाबाई होती. पाटी रिकामी केली की ती त्या मातीवर पाय आपटायची आणि म्हणायची, "बस आता. हाल नगंस."

तेवढं एकच मला कुणी सांगितलं. ते मी धरून बसलो.

साहेबांनी शोभेसाठी माझ्या पाठीवर शिरसाची झाडं लावली. पुढे साहेब वारले. मुलं कधीमधी यायची, मग तीही थांबली. बंगल्याला कुलूप लागलं, राखणीला कोंडिबा उरला. रविवारी जीपगाड्यांतून पुण्याची माणसं यायची, माझ्यावर चटया टाकून बसायची, केळीची सालं पाण्यात फेकायची. "पाणी कमी आहे हो, होडी चिखलात रुतते," अशी तक्रार झाली, तेव्हा कोंडिबाने सांडव्याला फळ्या ठोकल्या. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची माझी वाट. होडी चालली, पण माझा श्वास कोंडला.

एका वर्षी कोंडिबाने लाकडासाठी एक शिरस तोडला. खोड गेलं, मुळं माझ्या पोटात राहिली आणि कुजली. मूळ होतं तिथे पोकळी झाली. पाण्याला ती बरोबर सापडली.

त्या उन्हाळ्यात वाडीची विहीर तळाला गेली आणि माझ्या पायथ्याशी ओल दिसली. मग बारीक धार. निवळशंख, गार. सारजाबाईने ओंजळ भरली आणि ती रडायलाच लागली. तिने तिथे एक दगड मांडला, शेंदूर लावला, झाली ओलाई. धार मोठी व्हावी म्हणून बाया खुरप्याने तिचं तोंड उकरायच्या. मला दुखायचं. पण घागरी भरून निघालेल्या बायांची चाल बघितली की वाटायचं, असू दे. माझ्या जखमेला कुणी कुंकू लावत होतं, हेही काही थोडं नव्हतं.

बहिरू हा सारजाबाईचा भाचा. आई-बाप गेल्यापासून तिच्याकडेच वाढला. गेल्या साली पानशेत फुटलं, पुण्याची दैना झाली, तेव्हापासून तो येता-जाता ती धार न्याहाळायचा. एकदा धीर करून म्हणाला, "आत्ते, झरा न्हाई ह्यो. बांध गळतोय."

"गळतंय तुझं डोस्कं! ह्या बांधाला माती घातलीया म्या. तू तवा जल्मला बी नव्हतास."

कोंडिबा तर खो-खो हसला. "पानशेत कुटं, आन् ह्यो म्हशी डुंबायचा डोह कुटं! बोलत न्हाईस तेच बरं हाय रं तुझं."



यंदा आषाढात पावसाने उसंतच घेतली नाही. पाणी माझ्या माथ्याला टेकलं. आणि एका दुपारी ओलाईची धार पिवळी, गढूळ झाली. ती माझी माती होती. मी आतून वाहून चाललो होतो.

बायांनी हात जोडले. "आई हळदीनं न्हाली गं!" म्हणत सारजाबाईने दगडापुढे डोकं टेकलं. उद्या सकाळी सगळ्या वाडीने, पोराबाळांसकट, तिथेच बसून आईची ओटी भरायची ठरलं.

बहिरू कोंडिबाकडे धावला. दोघांनी सांडव्याला पहार लावली. फळ्या फुगून बसल्या होत्या, हलेनात. कोंडिबा या वेळी हसला नाही.

आज माझी दोन टोकं तेवढी उरलीत. मधून ओढा पूर्वीसारखा वाहतो. वाचणाऱ्यांनो, माझं मागणं थोडं आहे. हौसेनं बांधलंत, तर हौस फिटल्यावरही बघायला या. सांडवा बुजवू नका. बांधाच्या पायथ्याशी पाणी आलं तर त्याची चव बघू नका, रंग बघा. गढूळ झालं की पोरं उचला आणि उंचावर जा. आणि सारजाबाई, मी तुला फसवलं नाही गं. मला बोलताच येत नव्हतं.

तर ओटीच्या त्या सकाळी, उजाडताच बहिरू आला. त्याने ओलाईच्या दगडाला नमस्कार केला, तो उचलून खांद्यावर घेतला आणि बंगल्याच्या माळाची वाट धरली. चढावर पोचल्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला, "ओलाई निघाली! जिला पायजे तिनं माळाव यावं!"

वाडी उसळली. हातात ओटीची ताटं, कडेवर पोरं, तोंडात शिव्या. सारजाबाई सगळ्यांच्या पुढे. "मुडद्या, ठेव आईला खाली! हात झडतील तुझं!" कोंडिबा म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून मागून आणत होता.

हाल नगंस, असं ती म्हणाली होती. शेवटचं माणूस चढाला लागेपर्यंत मी हललो नाही.

मग मी गेलो. घरं, गोठे, भातखाचरं, सगळं माझ्याबरोबर गेलं.

 माळावर सारजाबाई ताट धरून खाली बघत राहिली. तिथे ना बांध होता, ना झरा. ती म्हणाली, "वटी भरायची ऱ्हायली रं."

बहिरूने खांद्यावरचा दगड उतरवला. सदऱ्याच्या बाहीने त्याच्यावरचं पाणी पुसलं, आणि तो तिच्यापुढे ठेवला.

"भर, आत्ते," तो म्हणाला.