हौद्यातलं अवजार

आरशाच्या खालच्या कोपऱ्यात लाल फडक्याचं टोक वर जायचं, पुन्हा खाली यायचं... आणि जोवर ते दिसतंय तोवर मागचं सगळं जागेवर आहे, असं श्रीपालनं शिरोली एमआयडीसीतून बाहेर पडतानाच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे तो रस्त्याकडे कमी आणि फडक्याकडे जास्त बघत होता. माल हौद्याबाहेर आला की लाल फडकं बांधायचं. आणि माल तर चांगला हातभर बाहेर आला होता. पिकअपचा हौदा पाच फुटांचा, आणि त्यात चढवलेली ती चार चाकांची मोटारसायकल — एटीव्ही म्हणतात काका, असं फाउंड्रीवाल्या चिरागनं तीनदा सांगितलं होतं — जवळजवळ सात फुटांची. पुढची चाकं केबिनला टेकलेली, मागची दोन हौद्याच्या मागच्या, उघडून आडव्या केलेल्या फाळक्यावर, फाळका दोन साखळ्यांवर, आणि साखळ्या... साखळ्यांचा विचार वाठार येईपर्यंत करायचा नाही.

"ओ पावणं, फाळका उघडा हाय की!" मोटारसायकलवरचा एकजण शेजारी येऊन ओरडला.

"म्हाईत हाय."

"पडंल की!"

"बांधलंय."

"ह्ये काय म्हणायचं पर?"

"अवजार हाय," श्रीपाल म्हणाला आणि काच वर केली.

हा चौथा. नागाव फाट्यावर एका आजोबांनी काठी आडवी धरून गाडी थांबवली होती, फक्त एवढंच सांगायला. या मुलखात माणूस मेला तरी दोघंजण वाकून सांगून जातील, पावणं, श्वास थांबलाय की तुमचा. जे आपल्याला ठाऊक असतं ते सगळं गाव सांगतं. पण तासाभरापूर्वी त्या फाउंड्रीत, सौदा ठरताना, एकानं तरी म्हणावं की श्रीपाल, अरे तुझा नियम काय... नाही. तिथं सगळे ती हौद्यात चढवायला फळ्या लावण्यात दंग.

नियम! गेल्या वर्षी जैनांच्या दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या, म्हणजे 'माझं काहीच नाही' म्हणायच्या दिवशी, पेठ वडगावच्या मंदिरात मुनिमहाराज म्हणाले होते, ज्याला जेवढं झेपेल तेवढी आपल्या परिग्रहाला, साठवलेल्या चीजवस्तूंना, मर्यादा घाला. जबरदस्ती कसलीच नव्हती. पण बाळासो पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "तीन वाहनं, महाराज. पाच वर्षं." आणि बायकांच्या बाजूनं कौतुकाची कुजबुज उठली. बाळासो, जो सातवीला श्रीपालच्या पाटीवर बघून गणितं सोडवायचा! श्रीपालच्या छातीत काहीतरी हललं — त्या वेळी त्याला ते वैराग्य वाटलं होतं — आणि तोंडातून निघून गेलं, "दोन. जन्मभर." महाराजांनी त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि मग मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. ते जास्तीचं बघणं श्रीपालला अजून अधूनमधून आठवायचं, विशेषतः जेवताना.

घरी तर तीन होती. कार, टेम्पो आणि स्कूटर. मग कार आणि टेम्पो विकून त्यानं डबल केबिनची ही पिकअप घेतली — मागच्या सीटवर बायको रत्नाबाई आणि तिच्या बहिणी, त्यामागं खताची पोती, आणि सगळं मिळून वाहन एक, स्कूटर धरून दोन. आपल्या हुशारीवर तो आठवडाभर खूश होता. फक्त त्या मागच्या सीटनं हौद्याचे तीन फूट खाल्ले, हे लक्षात यायला आजचा दिवस उजाडावा लागला.

आणि खरं सांगायचं तर, श्रीपाल स्वतःशीच म्हणाला, मी घ्यायला गेलोच नव्हतो. मी गेलतो पंपाच्या ओतीव भागासाठी. चिरागच म्हणाला, काका, बसून तर बघा. फाउंड्रीच्या मागं काळ्या वाळूचा ढीग, घरावढा. बसलो, अंगठ्यानं रेस दिली, आणि ती चार चाकं त्या ढिगावर अशी चढली... वर क्षणभर नुसतं आभाळ, आणि मग खाली. माझ्या तोंडातून 'ह्यॅ' असा आवाज निघाला. एकसष्टाव्या वर्षी. साखर कारखान्याचा सभासद, मंदिराच्या कमिटीवरचा माणूस, आणि 'ह्यॅ'.

त्याला ती हवी होती. बस. उसाला पाणी बघायला, बांधावरनं फिरायला, ही सगळी कारणं त्यानं नंतर, फळ्या लावल्या जात असताना गोळा केली. चिराग म्हणाला, हिला नंबरप्लेट मिळत नाही काका, रस्त्यावर चालवायची नाही, हौद्यातनंच न्या. आणि श्रीपालच्या डोक्यात दिवा लागला. नंबर नाही म्हणजे वाहन नाही. रस्त्यावर चालत नाही म्हणजे तर नाहीच नाही. ट्रॅक्टरच्या नांगराला चाक असतं म्हणून कुणी नांगराला वाहन म्हणतं का? अवजार! टोप गाव येईपर्यंत हे त्याला पूर्ण पटलं होतं. टोपच्या पुढं एक खड्डा लागला, साखळ्या खणखणल्या, आणि पटलेलं थोडं सैल झालं.

वाठारला पुलाखाली त्यानं गाडी बाजूला घेतली. साखळ्या शाबूत होत्या. कासऱ्याच्या गाठी — म्हशीला बांधतो तशाच मारलेल्या — घट्ट होत्या. आणि चहाच्या गाड्याशी, हातात बशी धरून, बाळासो उभा होता. कर्म म्हणतात ते हेच.

बाळासोनं बशी ठेवली, हौद्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि मोबाइल काढून फोटो घेतला.

"गाडी घेटलीस व्हय रं?"

"अवजार हाय."

"मग अवजाराला हेडलाइट कशाला?"

"सांजंचं दिसाय नगं?"

बाळासो हसला नाही. त्यानं हसायला हवं होतं. हसण्यावर श्रीपालकडं उत्तर होतं. तो जवळ आला आणि अगदी मायेनं म्हणाला, "ह्ये बघ, माझी तीन हायत नियमात, आणि सध्या दोनच हायत. एक जागा मोकळी हाय. माझ्या शेडात लाव, माझ्या नावावर धर. तू ये की वाटंल तवा, फिरव. नियम बी ऱ्हाईल."

पन्नास वर्षांत बाळासोनं त्याला पहिल्यांदाच काही देऊ केलं होतं, आणि ते घेण्यासारखं होतं, हेच फार लागलं. "बघतो," श्रीपाल म्हणाला. बाळासो पुन्हा चहाकडं वळला. श्रीपाल केबिनमध्ये बसला, तोच फोन वाजला. रत्नाबाई.

"कुटं हाईसा?"

"वाठारला."

"बाळासो भावजींनी मंदिराच्या ग्रुपवर फोटू टाकलाय."

श्रीपालनं श्वास घेतला. तीन उत्तरं तयार होती — अवजार, नंबरप्लेट, नांगर.

"मागं बसाय येतंय का त्याच्यावर," रत्नाबाईनं विचारलं, "का एकट्यापुरतंच हाय?"

त्यानं मागच्या काचेतून बघितलं. एटीव्हीची सीट चांगली लांब होती. हे त्यानं बघितलंच नव्हतं.

"येतंय," तो म्हणाला. आणि मग न राहवून, "पर... नियमाचं?"

"नियम तुमचा हाय. तुमचं तुमी बघा, मी न्हाय मधी पडणार. भाकऱ्या झाल्यात. दिस बुडायच्या आत या, रातचं जेवायचं न्हाई आपल्यात, न्हायतर उपाशी झोपाय लागंल."

त्यानं फोन ठेवला. शिरोलीपासून इथवर त्याला वाटत होतं की आपण हे रत्नाबाईपासून लपवत नेतोय... तसं नव्हतं. तो ते तिच्याकडंच नेत होता. ती नाही म्हणेल, चिडेल, परत पाठवेल, मग आपण महिनाभर तोंड पाडून हिंडू आणि नियम तिच्या जिवावर तगेल, असा सगळा बेत आत कुठंतरी, त्याला न विचारताच, शिजलेला होता. चहा सुटला तो तिनं साखर लपवली म्हणून. पत्ते सुटले ते तिनं बोलणं टाकलं म्हणून. मंदिरात ज्याला लोक श्रीपालचा संयम म्हणत, तो सगळा रत्नाबाईचा होता, आणि आज ती बाजूला सरकली होती, भाकऱ्या करून.

मागून कुणीतरी हॉर्न दिला. फाळक्याबद्दल कुणी काही बोललं नाही. श्रीपालला भूक लागली होती आणि भीती वाटत होती, आणि ती बाळासोची नव्हती, महाराजांचीही नव्हती. एकसष्ट वर्षं ज्याला दुसरं कुणीतरी धरून ठेवत आलं, तो माणूस आता मोकळा सुटून स्टीअरिंगपाशी बसला होता, आणि तो काय करेल हे श्रीपालला खरोखरच माहीत नव्हतं.