पुसलेला अवग्रह

शिवराजला जाऊन दोन वर्षं झाल्यावर रचनाने सासऱ्यांपुढे विषय काढला. संकेश्वरजवळ त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली होती. तेव्हापासून शहापूरच्या घरात दोघंच राहत: संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक नागेंद्र अण्णा, आणि कॅम्पातल्या शाळेत शिकवणारी त्यांची सून.

"अण्णा, आदर्श तुम्हाला भेटायला येतो म्हणालेत." आदर्श कणकुंबीच्या शाळेत मास्तर होता. कशासाठी भेटायचंय, हे वेगळं सांगायला नको होतं.

अण्णांनी चष्मा पुसला. "माझी हरकत नाही गं. पण शास्त्र काय म्हणतं ते एकदा पक्कं करू."

शास्त्र त्यांना पाठ होतं. कोणत्या संकटात बाईने दुसरा नवरा करावा, हे सांगणारा श्लोक एका जुन्या स्मृतीत आहे. त्यातला एक शब्द 'पतौ'. व्याकरणाने तो 'पत्यौ' हवा. निपाणीचे अप्पासाहेब वकील म्हणत, ऋषी चुकायचे नाहीत. शब्द 'अपतौ' असणार. मागच्या शब्दाला जोडताना 'अ' गिळला गेला, आणि त्याची खूण, तो अवग्रह, नकलणाऱ्याच्या हातून गळाला. अपती म्हणजे नुसता ठरलेला नवरा. मग लग्न होऊन विधवा झालेलीला परवानगी नाहीच. अण्णा वीस वर्षं त्यांच्याशी भांडत आले होते. 'पतौ'च खरं, ऋषींची भाषा सैल असते, असं व्याख्यानांत, मासिकांत, फोनवर सांगत.

त्या दुपारी मात्र त्यांनी आपली प्रत उघडली आणि 'पतौ'च्या आधी पेन्सिलीने अवग्रहाचा बारीक ऽ काढला. नुसतं बघायला. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ऽ तिथे नव्हता. त्यांनी पुन्हा काढला. पुन्हा गेला.

"रचना, माझ्या पुस्तकाला हात लावलास?"

"मी कधी लावते का, अण्णा?"

लावत नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

मग तिन्हीसांजेला जिन्यावर पावलं वाजू लागली. रचना खाली चुलीपाशी असे आणि वर अण्णांच्या खोलीच्या दाराबाहेर कोणीतरी चपला काढून ठेवी. वाचताना मानेवर श्वास लागे. अण्णा वळून बघत नसत. वळलो आणि कोणीच नसलं तर, याची त्यांना जास्त भीती वाटे.

शेवटी त्यांनी निपाणीला फोन लावला. "अप्पासाहेब, तुमच्या अवग्रहात तथ्य असावं."

"सर, वीस वर्षं माझ्यासंगं भांडलासा. आता जिंकलो म्हणून मला लई आनंद व्हायला पायजे. पण न्हाय झाला. सुनंचं लगीन जमतंय म्हणं. त्याच्यापायी तर न्हाय न्हवं?"

अण्णांनी फोन ठेवला आणि शाईच्या पेनाने ठसठशीत ऽ काढला. आता कोण पुसतो बघू.

दोन दिवसांनी तो खरवडलेला होता. कागद तिथे इतका झिजला होता की मागच्या पानावरचं अक्षर आरपार दिसत होतं. ब्लेडने खरवडलं होतं. शिवराज लहानपणी असंच करायचा. खाडाखोड दिसली की अण्णा अख्खं पान फाडत, म्हणून पोरगा जिभेचं टोक बाहेर काढून, श्वास धरून, चूक ब्लेडने उडवायचा. अण्णांना ते कळायचंच. पान ते फाडायचेच.

मानेवर श्वास लागला.

"शिवा," मागे न वळता अण्णा म्हणाले, "ती गेली तर मी एकटा राहीन रे."

श्वास थांबला. थोड्या वेळाने पावलं दारातून निघाली आणि एकेक पायरी करत खाली उतरली. खाली भाकरीची थापथाप चालू होती, ती बंद पडली.

"अण्णा," रचनाने खालून विचारलं, "आत्ता कोण उतरलं?"

ते कठड्याला धरून खाली आले. ती पिठाच्या हातांनी भिंतीला टेकून उभी होती.

"तुला ऐकू येतं?"

"रोज येतं. मला वाटलं, मलाच येतं."

अण्णा शेवटच्या पायरीवर बसले.

"आदर्शला ये म्हणून सांग."

"आणि शास्त्र?"

"शास्त्र कुठं अडवत होतं? मीच अडवत होतो तुला."

महिन्याभराने कचेरीत नोंदणीचं लग्न झालं. अप्पासाहेब निपाणीहून साक्षीदार म्हणून आले. त्यांनी श्लोकाचं नावही काढलं नाही. रचना अण्णांच्या पाया पडली, "जेवत जा वेळेवर," म्हणाली आणि गाडीत बसली.

त्या तिन्हीसांजेला अण्णा जिन्याकडे कान लावून बसले. वडगावकडून विणकरांच्या मागांची खडखड येत होती. दिवा लावायची वेळ झाली, होऊन गेली. जिना वाजला नाही.

शेजारची मंगल धावत आली ती त्यांचं रडणं ऐकून. शिवराजच्या मातीलासुद्धा अण्णा असे रडले नव्हते.

"काय झालं, अण्णा? काय झालं ओ?"

"शिवराज गेला गं," ते म्हणाले. "आमचा शिवराज गेला."